खिचडीची चूल आणि एक कोटीचा प्रश्न

वऱ्हाडातील अंजनगाव सुर्जी हे नाव इतिहासाच्या पुस्तकात एकदाच येते. 1803 साली आधी असई येथे, मग आडगाव येथे आणि शेवटी गाविलगडावर शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा मोड झाला, आणि दौलतराव शिंदे यांनी इंग्रजांशी 30 डिसेंबर 1803 रोजी जो तह केला तो या गावी झाला. तहाबरोबर गावाचे नाव पाठ करावयाचे आणि परीक्षा संपली की विसरावयाचे, एवढीच त्याची विद्यार्थ्यांतील कीर्ती. सप्टेंबर 2019 मध्ये मात्र हे नाव पुन्हा एकदा घरोघरी ऐकू आले, आणि तेही एका शाळेच्या स्वयंपाकघरामुळे. तेथील शाळेत मुलांसाठी मध्यान्ह भोजनाची खिचडी शिजविणाऱ्या बबिताताई ताडे यांनी ‘कौन बनेगा करोडपती’ या दूरचित्रवाणीवरील प्रश्नोत्तरांच्या खेळाच्या अकराव्या पर्वात एक कोटी रुपये जिंकले. स्वयंपाकाबद्दल त्यांना दरमहा मानधन मिळे ते 1500 रुपये.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. 1500 रुपयांतला एकही पैसा खर्च न करता सारे बाजूला ठेवले, तरी एक कोटी जमण्यास 6,666 महिने पुरत नाहीत. म्हणजे साडेपाचशे वर्षांहून अधिक काळ लागतो. 2019 मध्ये ती रक्कम पुरी व्हावयाची तर साठवणीस 1464 च्या सुमारास, बहामनी अमदानीत, आरंभ करावयास हवा होता. शिवछत्रपतींच्या जन्मास तेव्हा दीडशेहून अधिक वर्षे अवकाश होता!

वर्तमानपत्रांनी साहजिकच याच विषमतेवर मथळे बांधले. घरात सर्वांत मिळून एकच भ्रमणध्वनी आहे, आपला स्वतःचा एक असावा, अशी साधी इच्छा बबिताताईंनी अमिताभ बच्चन यांच्यापुढे बोलून दाखविली, तीही पुष्कळ गाजली. यात वावगे काही नाही. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर देऊन त्या जिंकल्या तो प्रश्न कोणता होता, हे आज किती जणांना सांगता येईल? खिचडी लोकांच्या ध्यानात राहिली, उत्तर राहिले नाही. आम्हांस हीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते. लोकांना नवल वाटले ते नेमके कशाचे, आणि ते वाटणे कितपत योग्य होते, हे पाहावयाचे तर आधी खेळ समजून घेतला पाहिजे.

या खेळाचे मूळ इंग्लंडातले. तेथे तो सप्टेंबर 1998 मध्ये सुरू झाला आणि 3 जुलै 2000 रोजी हिंदीतून आपल्याकडे आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबईचे हर्षवर्धन नवाथे हे पहिले कोट्यधीश ठरले. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा संविधानाने पुढीलपैकी कोणाला दिली आहे, असा त्यांचा अखेरचा प्रश्न होता. उत्तर होते महान्यायवादी. संविधानाच्या 88 व्या अनुच्छेदात तशी तरतूद आहे. नवाथे त्या वेळी सनदी सेवांच्या परीक्षांची तयारी करीत होते. त्यांच्या विजयाने आनंद पुष्कळ झाला, परंतु अचंबा फारसा कोणी केला नाही. परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याने परीक्षा जिंकली, यात लोकांच्या अपेक्षेला धक्का लागत नव्हता. 2011 मध्ये बिहारातील मोतिहारीचे सुशील कुमार पाच कोटी जिंकले तेव्हा तो लागला, कारण ते रोजगार हमीच्या कार्यालयात अल्प वेतनावर संगणक चालविणारे होते. 2019 मध्ये बबिताताईंमुळे लागला. 2022 मध्ये कोल्हापूरच्या कविता चावला यांनी एक कोटी जिंकले तेव्हाही लागला, कारण त्यांचे शिक्षण बारावीपर्यंतचे आणि त्या गृहिणी. त्यांनी 2000 सालापासून या खेळात शिरण्याचा प्रयत्न चालविला होता, म्हणजे जवळजवळ बावीस वर्षे. एवढ्या दीर्घ तयारीलाही लोक ‘अनपेक्षित’ म्हणतात, हे पाहून मौज वाटते.

अशा वेळी पहिला शेरा ठरलेला असतो: नशीब! तेव्हा नशिबाचाही हिशेब करू. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय. म्हणजे डोळे मिटून बोट ठेवले तर चारांत एकदा उत्तर बरोबर येईल. दोन प्रश्न सलग असे सुटण्याचा संभव सोळांत एक, तीन प्रश्नांचा चौसष्टांत एक. एक कोटीपर्यंत पंधरा प्रश्न. चाराचा पंधरावा घात 1,07,37,41,824. सुमारे एकशे सात कोटी लोक आंधळेपणाने खेळावयास बसले, तर त्यांतला एखादा सर्व प्रश्न पार करील. एखाद्या प्रश्नास नशिबाने हात दिला असे घडते, जीवनरेखाही असतात. पण पंधरा प्रश्नांचा जिना नशिबाच्या खांद्यावर बसून चढता येत नाही.

जीवनरेखांपैकी एक मोठी बोधप्रद आहे. स्पर्धक अडला की समोरच्या प्रेक्षकांचे मत घेता येते. जेम्स सुरोविकी या अमेरिकन लेखकाने 2004 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिकडच्या खेळाचा अनुभव दिला आहे. दूरध्वनीवरून ज्या जाणत्याला विचारीत त्याचे उत्तर शेकडा 65 वेळा बरोबर येई, आणि प्रेक्षकांच्या गर्दीचे शेकडा 91 वेळा! यात जादू नाही. समजा, शंभर प्रेक्षकांपैकी केवळ वीस जणांना उत्तर ठाऊक आहे. उरलेले ऐंशी अंदाजाने चारी पर्यायांवर सारखे विखुरले, तर प्रत्येक पर्यायाच्या वाट्याला वीस-वीस येतात. खऱ्या उत्तराला मात्र त्यांचे वीस आणि जाणत्यांचे वीस मिळून चाळीस. अज्ञान सर्वत्र पांगते, ज्ञान एका जागी गोळा होते. अर्थात सारी गर्दी एकाच चुकीच्या समजुतीत असेल तर हे गणित फसते.

आता बबिताताईंसमोर आलेला एक कोटीचा प्रश्न पाहू. 1857 च्या उठावाचा स्वानुभव ‘दास्तान-ए-गदर’ या पुस्तकात कोणत्या मोगलकालीन कवीने लिहिला, असा तो होता. उत्तर, जहीर देहलवी. प्रश्न अवघड आहे, आणि अर्धवट जाणणाऱ्यास अधिकच अवघड आहे. 1857 ची दिल्ली आणि कवी म्हटले की प्रथम गालिब आठवतात. त्यांनी त्या काळाची जी फार्सी रोजनिशी लिहिली तिचे नाव ‘दस्तंबू’, म्हणजे कानाला जवळजवळ तेच. जौक आठवावेत तर ते 1854 मध्येच वारले होते. मीर तकी मीर तर 1810 मध्ये. साले पाठ करून काय उपयोग, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांनी येथे क्षणभर थांबावे. साल ठाऊक असेल तर दोन मोठी नावे आपोआप गळतात.

पुढचा, सात कोटींचा प्रश्न याहून चतुर होता. कोणत्या राज्याचे सर्वाधिक राज्यपाल पुढे राष्ट्रपती झाले? यातला एकेक तुकडा आपल्या नववी-दहावीच्या मुलांनाही ठाऊक असू शकेल. प्रतिभाताई पाटील राजस्थानच्या राज्यपाल होत्या. शंकरदयाळ शर्मा हे आंध्र प्रदेश, पंजाब आणि महाराष्ट्र येथे होते. व्ही. व्ही. गिरी यांनी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर येथे ते पद भूषविले. झाकीर हुसेन बिहारचे राज्यपाल होते, आणि रामनाथ कोविंदही बिहारचेच. म्हणून उत्तर बिहार. आपण ही माहिती व्यक्तीच्या नावाखाली साठवितो. प्रश्नकर्त्याने ती राज्याच्या नावाखाली मागितली. धान्य कोठारात आहे, पण पोती ज्या दाराने आत नेली ते दार बंद करून दुसऱ्या दाराने बाहेर काढा, असे सांगण्यासारखेच हे झाले. चांगला प्रश्न करणाऱ्याची कला पुष्कळदा एवढीच असते.

या प्रश्नाशी बबिताताई थांबल्या आणि एक कोटी घेऊन उठल्या. हा निर्णय आम्हांस साऱ्या खेळातील सर्वांत शहाणा वाटतो. गणित मात्र वरकरणी त्याच्या विरुद्ध आहे. उत्तर चुकले असते तर त्या 3,20,000 रुपयांवर खाली आल्या असत्या. समजा, असे चार स्पर्धक उत्तर मुळीच ठाऊक नसताना ठोकून देतात. एकाला सात कोटी मिळतात, तिघांना प्रत्येकी 3,20,000. एकूण 7,09,60,000, म्हणजे सरासरीने प्रत्येकी 1,77,40,000. थांबल्यास एक कोटी, न थांबल्यास सरासरी पावणेदोन कोटींहून अधिक! मग थांबणे चूक ठरले काय? मुळीच नाही. सरासरी चौघांची असते, घरी परतणारा एकटाच परततो, आणि चारांपैकी तीन वेळा तो 3,20,000 घेऊन परततो. ज्याच्या घरी कोट्यवधी आधीच आहेत त्याला हा जुगार परवडेल. ज्याची मिळकत दरमहा 1500 आहे त्याचे पहिल्या कोटीने जेवढे भले होते, तेवढे पुढच्या सहा कोटींनी मिळूनही होत नाही. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने 1738 मध्ये हाच विचार सूत्रात मांडला: पैशाचे मोल त्याच्या आकड्यावर ठरत नाही, घेणाऱ्याजवळ आधी किती आहे त्यावर ठरते. महिनाअखेर डबे खरवडून घर चालविणाऱ्या कोणत्याही गृहिणीस हे सूत्राशिवाय कळते.

जिंकलेला सारा पैसा हाती येतो असेही नव्हे. अशा बक्षिसावर शेकडा 30 कर आणि वर अधिभार असतो, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश रक्कम उरते. आणि नंतरचे दिवस सोपे जातात असेही नव्हे. सुशील कुमार यांनी 2020 मध्ये स्वतःच लिहिले की, विजयानंतरची काही वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत बिकट होती. पुढे ते शिक्षकी पेशात शिरले. शिक्षक म्हणून आम्हांस या बातमीने थोडे बरे वाटले, हे लपवीत नाही.

एवढे झाल्यावर मूळ शंकेकडे वळू. सामान्य माणसाने ज्ञानाच्या खेळात बाजी मारली की काहींना नवल वाटते, काहींना संशय येतो. विकास स्वरूप यांच्या 2005 सालच्या ‘क्यू अँड ए’ या कादंबरीचा पायाच हा संशय आहे. गरीब पोरगा जिंकला म्हणजे त्याने लबाडी केलीच असणार, म्हणून त्याला पोलीस धरून नेतात. प्रत्यक्षात या खेळांच्या इतिहासातील सर्वांत कुप्रसिद्ध लबाडी वेगळ्याच दिशेने झाली. 1956 मध्ये अमेरिकेत ‘ट्वेंटी-वन’ नावाचा कार्यक्रम होता. त्यात हर्बर्ट स्टेम्पेल हा स्पर्धक अनेक आठवडे जिंकत होता. तो गरीब दिसावा म्हणून चालकांनी त्याला बेताचा अंगरखा आणि स्वस्त घड्याळ घालावयास लाविले होते. पुढे लोकांना त्याचा कंटाळा येऊ लागताच, आता हर, असे त्याला बजावण्यात आले. ज्या प्रश्नावर त्याने हरावयाचे होते त्याचे उत्तर त्याला पक्के ठाऊक होते. त्याच्या जागी आले कोलंबिया विद्यापीठातील देखणे, कुलीन अध्यापक चार्ल्स व्हॅन डोरेन. त्यांना उत्तरे आधीच पढविली जात. विद्वानाचा विजय कोणालाही संशयास्पद वाटला नाही! 1959 मध्ये व्हॅन डोरेन यांनी अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे सारे कबूल केले, आणि 1960 मध्ये असा प्रकार कायद्याने गुन्हा ठरला.

याच्या उलट उदाहरण लंडनचे. 1980 साली ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘मास्टरमाइंड’ या अवघड स्पर्धेत फ्रेड हाउसगो या टॅक्सीचालकाने सर्वांना मागे टाकले. तीन वर्षांनी तीच स्पर्धा ख्रिस्टोफर ह्यूज या भुयारी रेल्वेच्या चालकाने जिंकली. हाउसगोचे तर देशभर कौतुक झाले. पण लंडनचा टॅक्सीचालक होण्यासाठी जी परीक्षा द्यावी लागते तिची ओळख असलेल्यास एवढे नवल वाटू नये. चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातील सुमारे 25,000 रस्ते आणि त्यांवरील ठिकाणे तोंडपाठ करावी लागतात, त्यात कित्येक वर्षे जातात. त्या परीक्षेला तिकडे नावच मुळी ‘ज्ञान’ असे आहे. रोज असली शिदोरी डोक्यात बाळगणाऱ्या माणसाला आपण अडाणी समजावयाचे आणि तो जिंकला की तोंडात बोट घालावयाचे, असा हा प्रकार.

आपल्याकडे शाळेच्या चुलीपाशी उभ्या असलेल्या स्त्रीविषयी हेच घडते. मध्यान्ह भोजन शिजविणाऱ्यांना केंद्राने 2009 मध्ये दरमहा 1000 रुपये मानधन ठरविले. राज्ये त्यात आपापली भर घालतात. मानधन तुटपुंजे म्हणून माणसाची बुद्धीही तेवढीच, असे आपण नकळत धरून चालतो. आपल्या इंद्रवेल्लीच्या शाळेत वरण-भात वाढणाऱ्या मावशींना त्यांच्या वाचनाविषयी कोणी कधी विचारले आहे काय? आम्हीही विचारले नव्हते.

या खेळाची स्तुती मात्र आम्ही आंधळेपणाने करू इच्छीत नाही. ‘सामान्य ज्ञान’ कशाला म्हणावयाचे हे प्रश्न काढणारे ठरवितात, आणि ते बहुधा मोठ्या शहरांत बसतात. जवळच्या केसलापूरला पुष्य अमावास्येला नागोबाची जत्रा भरते. तिच्यासाठी मेस्राम कुळातील मंडळी गोदावरीचे पाणी पायी चालत आणतात. त्यांचा मार्ग, मुक्काम, विधींचा क्रम ज्या वृद्धांना मुखोद्गत आहे, त्यांना त्या ज्ञानाबद्दल एक रुपयाही मिळणार नाही. मार्लवाईला 1943 मध्ये हैमेनडॉर्फ यांच्या योजनेतून गोंड शिक्षकांचे केंद्र सुरू झाले आणि त्यासाठी गोंडी भाषेतील वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. हा प्रश्न दिल्ली-मुंबईत कोणी विचारील असे वाटत नाही. शिवाय काही गोष्टी चार पर्यायांत बसतच नाहीत. 20 एप्रिल 1981 रोजी आपल्या इंद्रवेल्लीत गोंड शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. मृत किती, यास सरकारी उत्तर 13. नागरी हक्कांसाठी झटणाऱ्यांनी आकडा त्याहून कितीतरी मोठा सांगितला. येथे कोणता पर्याय ‘पक्का’ करावयाचा?

भाषेचा अडसर वेगळाच. आपल्या वर्गात गोंडी, मराठी, तेलुगू, बंजारा, उर्दू अशा घरांतली मुले शेजारी-शेजारी बसतात. घरच्या भाषेत जे ठाऊक असते ते दुसऱ्या भाषेत विचारले की क्षणभर अनोळखी वाटते. कोकणी घरातून मराठी शाळेत आलेल्या आम्हांस तो क्षण चांगला परिचयाचा आहे. खेळात उत्तरास मोजके सेकंद असतात तेव्हा एवढा क्षणही महाग पडतो. 2013 मध्ये हा खेळ मराठीत आला, सचिन खेडेकर प्रश्न विचारीत. 2014 मध्ये नागार्जुन यांनी तो तेलुगूत आणला. तेलुगूतील पुढच्या अवतारात 2021 मध्ये आपल्याच राज्यातील कोत्तागुडेमच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने एक कोटी जिंकले. बबिताताई हिंदीतून खेळल्या, म्हणजे वऱ्हाडी बोलीच्या मुलखातून येऊन परभाषेत खेळल्या, हेही मथळ्यांत फारसे आले नाही.

राहता राहिले जहीर देहलवी. ज्यांच्या नावावर एक कोटीचा निकाल लागला ते जौक यांचे शिष्य, लहान वयातच बहादूरशहा जफर यांच्या दरबारी चाकरीस लागलेले. 1857 मध्ये दिल्ली पडल्यावर जीव वाचवून ते बाहेर पडले, आणि गावोगाव, संस्थानोसंस्थानी आसरा शोधीत अखेर निजामाच्या हैदराबादेत आले. आपला आदिलाबाद जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता. 1911 मध्ये ते हैदराबादेतच वारले.